परदेशात कंपनी काढताना नागपूरच्या व्यापाऱ्यांना पडणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे इतवारी, मस्कासाथ, कळमना, बुटीबोरी अशा ठिकाणच्या लहान आणि मध्यम व्यावसायिकांसाठी आहेत, ज्यांचा माल परदेशात जाऊ लागला आहे आणि तिथेच आपली एक कंपनी असावी असा विचार ज्यांच्या मनात घोळू लागला आहे. उदाहरणे संयुक्त अरब अमिरातीची घेतली आहेत, कारण आमच्याकडे विचारणा करायला येणाऱ्या बहुतेकांचे बोट नकाशावर दुबई-शारजावरच टेकते. भारताच्या बाजूचे नियम मात्र देश कोणताही असला तरी तेच राहतात आणि एक सल्लागार म्हणून माझा अनुभव असा की घोटाळा होतो तो बहुधा याच बाजूला.

परदेशात कंपनी काढल्याशिवाय तिथे माल विकता येत नाही का?

अवश्य येतो, आणि निम्म्याहून अधिक लोकांना मी आधी तेच सुचवतो. आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे ज्याला सगळे आयईसी म्हणतात तो, ऑनलाइन मिळतो. त्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे. मसाल्यांच्या निर्यातीला मसाले मंडळाची नोंदणी लागते, फळे-भाजीपाल्याला अपेडाची, म्हणजे कृषी निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाची. जीएसटीमध्ये निर्यात शून्य दराची असल्याने हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरून ठेवले की कर न भरता माल पाठवता येतो. तिथला घाऊक व्यापारी माल उचलतो, पैसे तुमच्या नागपूरच्या खात्यात येतात, हिशेब एकाच ठिकाणी राहतो.

कंपनीची गरज तेव्हा पडते, जेव्हा तिथल्या किरकोळ दुकानांना उधारीवर, स्थानिक बिलाने आणि गोदामातून लगेच माल द्यावा लागतो, किंवा आपल्या नावाचा शिक्का असलेला माल दुसऱ्याच्या आयात परवान्यावर उतरवणे धोक्याचे वाटू लागते. केवळ "दुबईत आपली कंपनी आहे" हे कार्डावर छापायचे असेल तर ती फार महागडी छपाई ठरते.

माझी फर्म प्रोप्रायटरशिप आहे. तिच्या नावाने परदेशात गुंतवणूक करता येईल का?

प्रोप्रायटरशिप ही कायद्याच्या नजरेत मालकाहून वेगळी नसते, म्हणून ती गुंतवणूक तुमची वैयक्तिक धरली जाते. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, याखाली २२ ऑगस्ट २०२२ रोजी परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू झाले. त्यांत कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आणि नोंदणीकृत भागीदारी संस्था यांना "भारतीय संस्था" मानले आहे, तर व्यक्तीला वेगळ्या मर्यादा घातल्या आहेत. नोंदणी न केलेली भागीदारी या व्याख्येत बसत नाही. इतवारीतल्या अनेक जुन्या पेढ्यांची भागीदारी आजोबांच्या काळच्या स्टॅम्पपेपरवर असते आणि निबंधकाकडे ती कधी गेलेलीच नसते; परदेशाचा विचार करण्याआधी तो कागद काढून पाहावा.

व्यक्ती आणि कंपनी यांतला व्यवहारी फरक मोठा आहे. भारतीय कंपनी आपल्या शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातील निव्वळ मूल्याच्या ४०० टक्क्यांपर्यंत परदेशात बांधिलकी घेऊ शकते आणि अटी पाळून तिथल्या आपल्या कंपनीला कर्जही देऊ शकते. व्यक्तीला फक्त भागभांडवल घालता येते. "भांडवल थोडे दाखवू, बाकी मी कंपनीला उसने देतो" हा आपल्याकडचा सरधोपट मार्ग व्यक्तीला परदेशी कंपनीच्या बाबतीत बंद आहे, आणि हे बहुतेकांना पैसे पाठवून झाल्यावर कळते.

व्यक्ती म्हणून किती रक्कम पाठवता येते आणि बँक त्यावर कर का कापते?

उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. ही मर्यादा सगळ्या कारणांसाठी मिळून आहे. मुलाचे परदेशातले शुल्क, कुटुंबाची सहल आणि कंपनीचे भांडवल हे सर्व त्यातच मोजले जाते.

बँक जे कापते त्याला टीसीएस म्हणतात. एप्रिल २०२५ पासून वर्षभरात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. गुंतवणुकीसारख्या कारणासाठी त्यावरच्या रकमेवर २० टक्के लागतो. म्हणजे २५ लाख रुपये पाठवायचे असतील तर १५ लाखांवर ३ लाख रुपये वेगळे तयार ठेवावे लागतात. हा पैसा बुडत नाही, तो तुमच्या प्राप्तिकरातून वजा होतो किंवा परत मिळतो. परंतु दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत ३ लाख अडकून पडणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

तिथल्या कंपनीचे लायसन्स तर मिळाले. मग बँक पैसे पाठवायला नकार का देते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. एका मिरची व्यापाऱ्याने तो माझ्यापुढे असा टाकला होता : "साहेब, लायसन हाती आलं, मंग पैसे काहून अडले?"

कारण असे की परदेशी कंपनीत भांडवल घालणे ही "परदेशी थेट गुंतवणूक", म्हणजे ओडीआय, ठरते आणि तिचा पहिला रुपया जाण्याआधी रिझर्व्ह बँकेकडून त्या परदेशी कंपनीसाठी एक विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो. त्याला यूआयएन म्हणतात. तुम्ही तो थेट मागत नाही. फॉर्म एफसी भरून तुमच्या बँकेला देता, बँक तो रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत चढवते आणि क्रमांक तयार होतो. त्यानंतर त्या कंपनीचे सगळे व्यवहार त्याच नेमलेल्या बँकेमार्फत करायचे असतात. पैसे गेल्यावर शेअर प्रमाणपत्र किंवा गुंतवणुकीचा तत्सम पुरावा सहा महिन्यांच्या आत बँकेकडे जमा करावा लागतो.

नागपूरच्या शाखांत हा विषय क्वचितच येतो. काउंटरवरचा माणूस तो एलआरएसचा नेहमीचा अर्ज समजतो, फाइल मुंबईच्या परकीय चलन विभागात जाते आणि तिथून प्रश्नांची यादी घेऊन परत येते. म्हणून शाखेत पहिल्याच दिवशी "हे ओडीआय आहे, एफसी फॉर्म लागेल" असे स्पष्ट लेखी द्यावे.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे योग्य होईल. सुरुवातीच्या काळात एका अशिलाने शारजातल्या एजंटाच्या घाईमुळे आपल्या बचत खात्यातून रक्कम पाठवली आणि फॉर्मवर कारण लिहिले "कुटुंबाच्या चरितार्थासाठी", कारण त्याचा मेहुणा तिथे राहत होता आणि त्याच्याच खात्यात पैसे जायचे होते. मला त्याने फोनवर विचारले होते आणि मी, लग्नाच्या मांडवात उभा असताना, "पाठवा, नंतर बघू" म्हणून मोकळा झालो. रक्कम गेली, कंपनी उभी राहिली, पण भारताच्या दप्तरी ती गुंतवणूक जन्मालाच आली नव्हती. पुढे शेअर प्रमाणपत्र दाखवून नोंद करून घेण्यासाठी गेलो तेव्हा पाठवल्याचे कारण आणि प्रमाणपत्र यांचा मेळ बसेना. ते निस्तरायला दीड वर्ष लागले, विलंब शुल्क भरावे लागले ते वेगळेच. तेव्हापासून आमच्या कार्यालयातल्या फळ्यावर चार शब्द आहेत : आधी क्रमांक, मग पैसे.

लायसन्सचे शुल्क क्रेडिट कार्डाने भरले तर?

तिथले एजंट हाच मार्ग सुचवतात, कारण त्यांना पैसे लगेच मिळतात. परंतु ओडीआयची रक्कम नेमलेल्या बँकेमार्फत, यूआयएन मिळाल्यावर जाणे अपेक्षित आहे. कार्डावरून आधीच गेलेला खर्च नंतर भांडवलात बसवताना नाकी नऊ येतात. शक्यतो टाळावे.

पत्नीच्या नावाची मर्यादा वापरता येईल का? आणि ओळखीतल्या माणसाकडून पैसे तिथे "फिरवून" घेतले तर?

पत्नी त्या कंपनीत खरोखर भागधारक असेल तर तिची मर्यादा तिच्या भागासाठी वापरता येते. ती भागधारक नसताना तिच्या खात्यातून रक्कम पाठवून सगळे शेअर स्वतःच्या नावावर घेणे योजनेत बसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. इथे रुपये द्यायचे आणि तिथे दिरहम, म्हणजे अमिरातीचे चलन, घ्यायचे, याला हवाला म्हणतात, ओळख कितीही जुनी असो. फेमाखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो.

मुख्य बाजारपेठेत कंपनी काढावी की मुक्त क्षेत्रात?

अमिरातीत दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. एक "मेनलँड", जिथे दुबईत अर्थव्यवस्था व पर्यटन विभागाकडून आणि शारजात तिथल्या आर्थिक विकास विभागाकडून परवाना मिळतो. दुसरी "फ्री झोन". यांची संख्या ४० हून अधिक आहे, १९८५ मध्ये सुरू झालेले जबेल अली हे त्यांतले गाजलेले, तर शारजात विमानतळालगतचे सैफ झोन आणि समुद्राकाठचे हमरिया ही आपल्याकडच्या लहान व्यापाऱ्यांच्या परिचयाची. प्रत्येक मुक्त क्षेत्राचे स्वतःचे प्राधिकरण, नियम आणि शुल्काचे पत्रक असते.

मुक्त क्षेत्रातला परवाना स्वस्त पडतो. एका खोलीतल्या टेबलावरचा हक्क, ज्याला तिथे "फ्लेक्सी डेस्क" म्हणतात, एवढ्यावर कंपनी उभी राहते. पण अशा कंपनीला देशांतर्गत बाजारात थेट दुकानदारांना माल विकता येत नाही. त्यासाठी स्थानिक वितरक, मेनलँड शाखा किंवा वेगळी परवानगी लागते. ज्याला बर दुबईतल्या किराणा दुकानांना आणि शारजातल्या भारतीय हॉटेलांना मसाला पुरवायचा आहे, त्याने मुक्त क्षेत्रातला स्वस्त परवाना घेणे म्हणजे कळमन्यात गाळा घेऊन गिऱ्हाइकाला आत येऊ न देण्यासारखे आहे. ज्याचा माल अमिरातीत उतरून पुढे आफ्रिकेला किंवा ओमानला जाणार आहे, त्याला मात्र मुक्त क्षेत्रच सोयीचे.

परवान्यावर लिहिलेल्या "अ‍ॅक्टिव्हिटी"कडे बारकाईने पाहावे. खाद्यपदार्थांच्या व्यापाराचा परवाना घेऊन सौंदर्यप्रसाधने विकता येत नाहीत. आपल्या गुमास्ता परवान्याइतके ते ढिले प्रकरण नाही.

अजूनही ५१ टक्के स्थानिक भागीदार लागतो का?

बहुतेक व्यवसायांना नाही. १ जून २०२१ पासून मेनलँड कंपनीतही परदेशी व्यक्तीला १०० टक्के मालकी ठेवता येते. संरक्षण, बँकिंग यांसारखी काही धोरणात्मक क्षेत्रे त्याला अपवाद आहेत. तरीही "स्पॉन्सर घ्यावाच लागेल" असे सांगून वार्षिक रक्कम मागणारे भेटतात. ते जुन्या काळातले वाक्य आहे.

कंपनीला आमच्या पेढीचेच नाव देता येईल का?

नावात देवाधर्माचा उल्लेख चालत नाही आणि व्यक्तीचे नाव द्यायचे तर ते भागीदाराचे पूर्ण नाव असावे लागते. नागपुरात प्रत्येक तिसरी पेढी गजानन, साई किंवा ताजुद्दीन बाबांच्या कृपेने चाललेली असल्याने हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गावाचे, पिकाचे किंवा मनाचे नाव निवडून तीन पर्याय हाताशी ठेवावेत.

कागदपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा साक्षांकनाचा एकच शिक्का, केला की पुरते का?

अमिरातीसाठी पुरत नाही. तिथे जाणाऱ्या कागदांना आधी राज्य पातळीवरचे साक्षांकन, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे, त्यानंतर अमिरातीच्या दूतावासाचे आणि शेवटी तिथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचे, अशी साखळी पूर्ण करावी लागते. भारतीय कंपनी भागधारक असेल तर तिचे नोंदणी प्रमाणपत्र, घटनापत्र आणि संचालक मंडळाचा ठराव हे सर्व याच वाटेने जाते. ठरावातील नाव आणि पासपोर्टवरील नाव अक्षरशः एकच असावे. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे असते, पॅनवर कधी असते कधी नसते, आणि आडनाव काहींच्या पासपोर्टवर रकान्यातच नसते. या एका गोष्टीपायी दोन-दोन वेळा साक्षांकन करावे लागलेले मी पाहिले आहे.

तिथे बँक खाते उघडायला किती दिवस लागतात?

परवाना काही दिवसांत मिळतो. खात्याला काही आठवडे लागतात आणि कधी महिने. जाहिरातीत हा भाग लहान अक्षरांतही नसतो.

बँकेला तीन गोष्टींची खात्री हवी असते : पैसा कुठून आला, धंदा खरा आहे का, आणि मालक तिथे राहतो का. म्हणून भारतातील सहा महिन्यांची खाते-विवरणे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, पुरवठादारांची आणि गिऱ्हाइकांची बिले, एखादा करार, गोदामाचा भाडेपट्टा आणि तुमचा निवासी व्हिसा व एमिरेट्स आयडी (तिथले सरकारी ओळखपत्र) हे सर्व मागितले जाते. फ्लेक्सी डेस्कवरच्या कंपनीला येथे अडचण येते, कारण त्या एकाच पत्त्यावर इतर कंपन्याही नोंदलेल्या असतात. खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते आणि ती मोडली की दरमहा शुल्क लागते.

मुलाखतीला जाताना एजंटाला पुढे करू नये. अधिकाऱ्याने "तुम्ही काय विकता?" असे विचारल्यावर एका गृहस्थाने खिशातून भिवापुरी मिरचीची पुडी काढून टेबलावर ठेवली, डेखासकट आणि डेख काढलेली असे दोन भाव सांगितले, वर्षाला किती क्विंटल जाते तेही सांगितले. त्यांचे खाते इतरांपेक्षा लवकर उघडले. पुडीमुळे उघडले असे मी म्हणणार नाही. पण धंदा माहीत असलेल्या माणसाची उत्तरे वेगळी असतात आणि ती समोरच्याला ऐकू येतात.

मसाले आणि खाद्यपदार्थ पाठवताना नागपूरकरांनी विशेष काय पाहावे?

सर्वांत आधी खसखस. सावजी मसाल्यात ती लागते, आपल्या घरच्या काळ्या मसाल्यातही पडते, आणि अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते आणि अंमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. ही बंदी व्यापारी मालापुरती नाही. प्रवाशाच्या बॅगेतल्या पाव किलोलाही ती लागू होते आणि त्यापायी लोक तुरुंगात गेलेले आहेत. ज्यांना मसाला विकायचा आहे त्यांनी खसखशीशिवायची कृती वेगळ्या घाण्यावर, वेगळ्या चाळणीने तयार करावी, कारण आधीच्या घाण्यातले दाणे जात्यात राहतात. नमुना पाठवताना घरून आईने दिलेली बरणी सोबत टाकू नये, हे लिहावे लागते यातच सारे आले.

दुसरे, वेष्टन. पाकिटावर घटक, वजन, मूळ देश हा मजकूर अरबीत असणे सक्तीचे आहे. अरबी मजकुराची चिकटपट्टी मंजुरी घेऊन लावता येते, पण उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख पाकिटावरच छापलेली असावी लागते. ती चिकटपट्टीवर चालत नाही. कामठी रोडवरच्या एका गोदामात आठ बाया दोन दिवस बसून अरबी पट्ट्या चिकटवत होत्या, तेव्हा त्यांतल्या एकीने विचारले की ही अक्षरे सुलटी कोणती आणि उलटी कोणती. कोणालाच सांगता येईना. शेवटी अंकांवरून दिशा ठरवली. नंतर आम्ही पट्टीच्या एका कोपऱ्यात लाल ठिपका छापून घेऊ लागलो. दुबईत प्रत्येक खाद्यपदार्थाची नगरपालिकेकडे नोंदणीही करावी लागते आणि ती घटकांच्या यादीशी जुळावी लागते.

आयात शुल्क सर्वसाधारणपणे ५ टक्के आहे. भारत आणि अमिरात यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू झाला असून त्याखाली अनेक वस्तूंना सवलत मिळते. मात्र ती आपोआप मिळत नाही, त्यासाठी मूळ देशाचे प्रमाणपत्र मालासोबत जावे लागते. संत्र्यांबद्दलही विचारणा होते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी त्याची सैल साल आणि आतल्या बिया या दोन गोष्टी आखाती बाजारात आड येतात आणि नागपूरपासून न्हावा शेवा बंदर आठशे किलोमीटरहून दूर आहे. संत्र्यासाठी कंपनी काढण्याआधी शीतकंटेनरच्या दोन खेपा एखाद्या आयातदाराला देऊन पाहाव्यात.

"दुबईत कर नाही" हे खरे आहे का?

पगारावर आणि व्यक्तीच्या उत्पन्नावर नाही. कंपनीच्या नफ्यावर आहे. १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांपासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या करपात्र नफ्यावर ९ टक्के कंपनी कर लागतो. उलाढाल ३० लाख दिरहमपर्यंत असलेल्या लहान व्यवसायांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करकालावधींसाठी सवलत मागता येते, पण ती विवरणपत्रात मागावी लागते, आणि नोंदणी तर सर्वांनाच करावी लागते. नोंदणीला उशीर झाल्यास १०,००० दिरहम दंड आहे. मुक्त क्षेत्रातल्या कंपनीला शून्य दर मिळतो तो विशिष्ट उत्पन्नाला आणि विशिष्ट अटींवर, त्यांत लेखापरीक्षित हिशेबही येतात. मुक्त क्षेत्र म्हणजे करमुक्त असे समीकरण आता उरलेले नाही.

व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के आहे. वर्षाची करपात्र विक्री ३,७५,००० दिरहमच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची होते.

आणि भारतात?

भारतातील रहिवाशाला तिथून मिळालेला लाभांश इथे करपात्र आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्राप्तिकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, भरणे. कंपनीने एक दिरहमही कमावला नसला तरी तिचे शेअर आणि तिथले खाते दाखवावे लागते. कालावधी कॅलेंडर वर्षाचा धरायचा, आपल्या एप्रिल-मार्चचा नव्हे. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांच्या आत असल्यास त्यातून सूट आहे.

नागपूरची फर्म आपल्याच परदेशी कंपनीला माल विकत असेल तर भाव बाजारभावाने लावावा लागतो आणि त्याचा सीएचा अहवाल जोडावा लागतो. इथे स्वस्त दाखवून नफा तिकडे ठेवण्याची युक्ती जुनी आहे, आणि ती शोधण्याची पद्धतही तितकीच जुनी.

नागपुरात बसून कंपनी चालवता येते का?

दीड तासाचा फरक, शारजाचे विमान, हातात मोबाइल. त्यामुळे येईलसे वाटते. अडचणी तीन आहेत.

पहिली व्हिसाची : सलग सहा महिन्यांहून अधिक काळ अमिरातीबाहेर राहिल्यास साधा निवासी व्हिसा रद्द होतो, त्यासोबत एमिरेट्स आयडी आणि पाठोपाठ बँकेचे प्रश्न येतात. दुसरी कराची : कंपनीचे निर्णय प्रत्यक्षात भारतातून घेतले जात असतील तर ती भारतातीलच रहिवासी कंपनी ठरवता येते. वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांच्या आत असलेल्या कंपन्यांना या तरतुदीतून बाहेर ठेवले आहे, त्यामुळे लहान व्यापाऱ्याने घाबरायचे कारण नाही, पण वाढ होत असेल तर संचालकांच्या बैठकी कुठे होतात याची नोंद आजपासून नीट ठेवावी.

तिसरी अडचण कायद्याची नाही. उधारी. तिथला दुकानदार ६० किंवा ९० दिवसांची उधारी मागतो, आणि वसुली फोनवर होत नाही. जो माणूस दर पंधरवड्याला दुकानात जाऊन चहा घेतो, त्याचे पैसे आधी निघतात. तो माणूस तुम्ही नसाल तर कोण, याचे उत्तर परवान्याच्या आधी मिळवावे. सख्खा भाऊ किंवा मेहुणा असेल तरी त्याचा पगार, कमिशन आणि सहीचे अधिकार कागदावर आणावेत. संक्रांतीला तिळगूळ देता यावा एवढ्यासाठी तरी.

शारजात सरकारी कार्यालयांचा आठवडा चार दिवसांचा आहे, शुक्रवार ते रविवार सुट्टी. दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस. "सोमवारी बघतो" याचा अर्थ तिथे शब्दशः घ्यावा.

नागपूरहून कामगार नेता येतील का?

नेता येतात. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. तो कामगाराच्या पगारातून कापता येत नाही, आणि त्याचा पासपोर्ट आपल्या तिजोरीत ठेवणे बेकायदा आहे. पगार सरकारच्या वेतन संरक्षण प्रणालीतून बँकेमार्फतच द्यावा लागतो. एक वर्ष पूर्ण झाले की सेवा-उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू होते : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. ही रक्कम दर महिन्याला बाजूला काढून ठेवावी.

चेक देताना काय जपावे?

गोदामाचे भाडे पुढच्या तारखांच्या चेकने घेण्याची तिथे रीत आहे. जानेवारी २०२२ पासून शिल्लक नसल्याने परत गेलेला चेक सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण फसवणुकीचा हेतू असेल तर आहे. शिवाय धारकाला तो चेक घेऊन थेट वसुलीच्या कार्यवाहीसाठी न्यायालयात जाता येते. कोरा चेक "सिक्युरिटी" म्हणून कोणालाही देऊ नये.

दरवर्षी भारतात काय भरावे लागते?

परदेशी कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल, एपीआर, ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत. भारतीय कंपनी किंवा एलएलपी गुंतवणूकदार असेल तर परदेशी देणी व मालमत्तेचे विवरण, एफएलए, रिझर्व्ह बँकेकडे १५ जुलैपर्यंत. तोटा झाला असला, व्यवहार झाले नसले, तरी दोन्ही चुकत नाहीत. अहवाल थकलेला असताना पुढची रक्कम पाठवायला गेलात तर बँक हात वर करते.

धंदा जमला नाही तर कंपनी तशीच सोडून दिली तर चालेल का?

परवान्याचे नूतनीकरण न करता निघून येणारे बरेच आहेत. दंड साचत राहतो, कामगारांचे व्हिसा लटकतात, आणि पुन्हा कधी त्या देशात उतरायचे झाले तर तो हिशेब विमानतळावर समोर येतो. बंद करण्याचा क्रम असा : आधी कामगारांची देणी चुकवून त्यांचे व्हिसा रद्द करणे, मग गरज असेल तिथे लिक्विडेटर (कंपनीचा हिशेब मिटवणारा अधिकृत माणूस) नेमून ज्यांचे पैसे देणे आहे त्यांना सूचना देणे, व्हॅट आणि कंपनी कराची नोंदणी मागे घेणे, बँक खाते बंद करणे आणि परवाना रद्द झाल्याचे पत्र घेणे. व्हॅटची नोंदणी मागे घेण्यालाही मुदत असते, ती टळली तर जाता जाता आणखी एक दंड होतो.

उरलेली रक्कम भारतात परत आणायची असते, आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत गुंतवणूक मोडल्याची माहिती त्याच बँकेमार्फत द्यायची असते. यूआयएन बंद झाल्याची नोंद हातात येईपर्यंत फाइल कपाटात टाकू नये. शेड्यूल एफएमध्ये त्या वर्षाची नोंद करायचीच असते, कंपनी फेब्रुवारीत बंद झाली असली तरी.